नळीतला पीळ : हिंगोलीच्या छावणीपासून आजच्या रायफलीपर्यंत

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आम्ही हिंगोलीपासून करणार आहोत. हिंगोली म्हटलं की आपल्याला औंढा नागनाथ आठवतं, संत नामदेवांचं नरसी आठवतं, हळदीचा बाजार आठवतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. पण एकोणिसाव्या शतकात या गावाचं नाव वेगळ्याच कारणासाठी घेतलं जायचं. हिंगोली ही लष्करी छावणी होती.

ही छावणी हैदराबाद कंटिंजंटची. कंटिंजंट म्हणजे निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणारी फौज. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, आणि हिंगोली अशी तिची ठाणी होती. या फौजेचा खर्च भागेना, म्हणून १८५३ च्या तहात निजामाला वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवावा लागला. म्हणजे एका फौजेच्या पगारापायी अख्खा सुपीक प्रांत गेला. हिंगोली या वऱ्हाडाच्या वेशीवरच. १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीच्या छावणीचे दिवस संपले.

या काळावर लिहिताना आपण तह, लढाया, सेनापती यांबद्दल पुष्कळ लिहितो. छावणीतल्या शिपायाच्या खांद्यावर जी बंदूक होती तिच्या नळीच्या आत काय होतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आज तेच विचारायचं आहे. नळीच्या आत खाचा होत्या की नव्हत्या, आणि असल्या तर त्यांना पीळ किती होता? प्रश्न कारागिरीचा वाटतो. पण १८५७ नंतरच्या हिंदुस्थानात तो राज्यकर्त्यांचा प्रश्न झाला होता, असं आमचं म्हणणं आहे.

भोवरा आणि विट्टी

आधी पीळ म्हणजे काय ते समजून घेऊ. साध्या बंदुकीची नळी आतून पाइपासारखी गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत आतल्या बाजूला मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. इंग्रजीत अशा खाचा कोरण्यालाच 'रायफल' करणं म्हणतात, त्यावरून हत्याराला नाव पडलं. गोळी या खाचांना घट्ट धरून पुढे सरकते, त्यामुळे नळीतून बाहेर पडताना ती स्वतःभोवती गरगर फिरत असते.

खाच किती इंचांत एक पूर्ण वळसा घेते, त्यावरून पीळ मोजतात. दहा इंचांत एक वळसा असेल तर 'दहाला एक', अठ्ठ्याहत्तर इंचांत एक असेल तर 'अठ्ठ्याहत्तरला एक'. आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट. सुंभाचा पीळ जसा सैल किंवा घट्ट असतो तसंच हे.

आता गोळीला फिरवायचंच कशाला? लहानपणी आपण सगळ्यांनी भोवरा खेळलेला आहे. जाळी गुंडाळून जोरात फेकला की भोवरा आरीवर ताठ उभा राहतो. वेग कमी झाला की डुलायला लागतो आणि शेवटी आडवा होतो. फिरणाऱ्या वस्तूला स्वतःची दिशा सोडवत नाही, हा तो गुण. याच्या उलट विट्टी. दांडूने टोला मारला की ती हवेत कोलांट्या खात जाते. ती नेमकी कुठे पडेल हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही, म्हणून तर खेळात मजा असते.

लांबट गोळी न फिरवता सोडली तर तिची विट्टी होते. कारण असं, की गोळीवर हवेचा रेटा पडतो तो टोकाकडच्या भागात, आणि तिच्या वजनाचा मध्य असतो त्याच्या मागे. त्यामुळे हवा तिचं टोक उचलून तिला उलटवू पाहते. गोळी पुरेशी फिरत असेल तर ती भोवऱ्यासारखी या रेट्याला दाद देत नाही. गोळी जितकी लांब, तितका हा उलटवणारा जोर जास्त, म्हणून तितका पीळही घट्ट लागतो. आजचा सगळा विषय या एका वाक्यावर उभा आहे, तेवढं लक्षात ठेवा.

मग लांब गोळीच हवी कशाला? गोल गोळी वापरावी की! गोल गोळीला उलटण्याची भीती नसते हे खरं. पण गोल गोळी हवेत फार लवकर दमते. तेवढ्याच वजनाची, पण बारीक आणि लांब गोळी हवा कापत जाते, वेग टिकवून धरते, आणि दूरवर पोचते तेव्हाही तिच्यात जोर शिल्लक असतो. म्हणजे दूरचा पल्ला हवा तर लांब गोळी हवी, आणि लांब गोळी हवी तर घट्ट पीळ हवा. ही साखळी तोडता येत नाही.

१८७९ मध्ये वुलिचच्या तोफखाना अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी यासाठी एक सोपं सूत्र दिलं. गोळीच्या जाडीचा, म्हणजे व्यासाचा, इंचांत वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. किती इंचांत एक वळसा हवा ते उत्तर येतं. आपल्याकडे पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री घ्या. तिची गोळी सुमारे ०.३११ इंच जाड आणि १.२८ इंच लांब. हिशेब केला तर उत्तर सव्वाअकरा इंचांच्या आसपास येतं. प्रत्यक्ष नळीचा पीळ आहे दहाला एक. म्हणजे लागतो त्याहून थोडा घट्ट. असं थोडं हातचं राखून ठेवावंच लागतं, कारण थंडीत हवा दाट होते आणि दाट हवा गोळीला जास्त जोराने उलटवू पाहते.

मग पीळ हवा तितका घट्ट करत जावा का? तसंही नाही. कोणतीही गोळी घडणीत अगदी निर्दोष नसते. कुठेतरी केसभर जाड, कुठेतरी केसभर पातळ असतेच. फार वेगाने फिरवली की हा केसभर दोष मोठा होऊन गोळी बाजूला फेकली जाते. शिवाय ज्या बाजूचा पीळ, त्या बाजूला गोळी दूर पल्ल्यावर हळूहळू सरकते. थ्री नॉट थ्रीचा पीळ डावा, म्हणून ती डावीकडे सरकते. सारांश काय, तर पीळ गोळीला साजेसा हवा.

चरबी नळीत कशासाठी आली

आता इतिहासाकडे वळू. कंपनीच्या शिपायाची जुनी बंदूक म्हणजे ब्राऊन बेस. नळी आतून गुळगुळीत, साधारण पाऊण इंच रुंद. तिच्यातली शिशाची गोल गोळी त्याहून दीड मिलिमीटरने लहान. एवढी फट मुद्दाम ठेवलेली असायची, कारण दारूची काजळी नळीत साचली तरी गोळी वरून सरकन आत जावी. पण त्या फटीमुळे गोळी नळीतून ठेचकाळत बाहेर पडायची. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तिकडे जायची. शंभर यार्डांच्या पलीकडे एका माणसावर नेम धरणं म्हणजे नशिबाचा खेळ होता. म्हणून तर रांगा करून एकदम बार काढायची पद्धत पडली.

खाचांच्या रायफली त्याही आधी होत्या. अडचण अशी, की गोळीने खाचा धरायच्या तर ती घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठोकत आत घालायला वेळ लागायचा. ही अडचण १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या मिनिए या लष्करी अधिकाऱ्याच्या गोळीने सोडवली. बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी. आत जाताना सैल, पण बार उडाला की दारूच्या जोराने बूड फुगतं आणि खाचा घट्ट धरतं. याच तत्त्वावर इंग्रजांची १८५३ ची एनफिल्ड रायफल तयार झाली. तीन खाचा, ३९ इंचांची नळी, पीळ अठ्ठ्याहत्तरला एक. म्हणजे सबंध नळीत बरोबर अर्धा वळसा! पण तेवढ्यानेही गोळी सेकंदाला दीडशे-पावणेदोनशे फेरे घेऊ लागली, आणि रायफलीवरची निशाणपट्टी नऊशे यार्डांपर्यंत आखली गेली. शंभरावरून नऊशे.

आता चरबीकडे येऊ. शाळेत आपण सगळे शिकलो की १८५७ च्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी पसरली आणि शिपाई भडकले. पण काडतुसाला चरबी हवीच कशाला होती, हे शाळेत सांगत नाहीत. ब्राऊन बेसच्या काडतुसाला तिची गरज नव्हती, तिथे दीड मिलिमीटरची फट होती. एनफिल्डमध्ये फट अगदी थोडी, त्यात खाचांमध्ये काजळी बसायची. गोळीभोवतीच्या कागदाला वंगण नसेल तर चार-सहा बारांनंतर गोळी आत जायचीच नाही. म्हणून कागदाला चरबीचा हात. आणि काडतूस दाताने तोडायचं, ही कवायत मात्र जुनीच राहिली. नव्या नळीची गरज आणि जुनी कवायत शिपायाच्या तोंडात एकत्र आली. १८५७ च्या उठावाला दुसरी अनेक कारणं होती, पण ती चरबी तिथे आली ती नळीतल्या खाचांमुळे.

यातला विपर्यास असा, की ज्या एनफिल्डवरून ठिणगी पडली ती बहुतेक शिपायांना मिळालेलीच नव्हती. १८५७ च्या सुरुवातीला दमदम, अंबाला आणि सियालकोट इथे तिचं शिक्षण नुकतं सुरू झालं होतं. उठाव झाला तेव्हा शिपायांच्या हातात होती जुनी गुळगुळीत नळीची बंदूक. एनफिल्ड होती ती गोऱ्या पलटणींच्या हातात.

फतेहपूरची सकाळ

याचा परिणाम सगळ्यात आधी ज्या ठिकाणी उघड दिसला, त्यात एक बाजू मराठी होती. बिठूरचे नानासाहेब पेशवे कानपुरात उभे होते. अलाहाबादहून जनरल हॅवलॉक त्यांच्यावर चालून निघाला. १२ जुलै १८५७ रोजी फतेहपूरजवळ नानासाहेबांच्या फौजेशी गाठ पडली. हॅवलॉकच्या पुढच्या तुकड्यांकडे एनफिल्ड होत्या. शिपायांच्या बंदुका जिथपर्यंत पोचत नव्हत्या, तिथून हे लोक नेम धरून मारत होते. लढाईचा निकाल थोड्याच वेळात लागला. इंग्रजी नोंदीप्रमाणे त्या दिवशी शत्रूच्या गोळीने एकही गोरा शिपाई मेला नाही. बारा जण मेले ते उन्हाच्या तडाख्याने. हॅवलॉकने विजयाची कारणं लिहिताना तोफखाना, गोऱ्या शिपायांची हिंमत आणि ईश्वरकृपा यांच्याबरोबर एनफिल्ड रायफलीचं नाव घेतलं आहे. चार दिवसांत कानपूर पडलं.

आपल्याकडे १८५७ च्या पराभवाची चर्चा नेहमी दोन शब्दांवर येऊन थांबते: फितुरी आणि बेशिस्त. दोन्ही होत्या, आम्ही नाकारत नाही. पण ज्या शिपायाला शत्रू तीनशे यार्डांवरून टिपतो आणि ज्याची स्वतःची गोळी शंभर यार्डांनंतर भरकटते, त्याने कितीही शिस्त पाळली तरी तो उघड्या मैदानात काय करणार? त्याच्या धैर्याचं माप काढताना आपण निदान नळीचं माप तरी घ्यायला हवं.

आणि मराठवाड्याच्या छावण्या या वेळी कुठे होत्या? औरंगाबादेत कंटिंजंटच्या घोडदळाने जून १८५७ मध्ये बंडाची तयारी दाखवली, ते दडपलं गेलं. पण कंटिंजंटचा मोठा भाग इंग्रजांबरोबर राहिला. सर ह्यू रोजच्या मध्य भारतातल्या मोहिमेत हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ, पायदळ आणि तोफा होत्या. झाशीला, काल्पीला, म्हणजे राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध. दख्खनच्या छावण्यांत पगार घेणारे शिपाई बेतवेच्या काठावर मराठी नेतृत्वाशी लढत होते. इतिहास आपल्या सोयीने रांगा लावत नाही.

सुंभ ठेवला, पीळ काढला

आता आजच्या व्याख्यानाचा गाभा. उठाव मोडल्यावर पील आयोग बसला. गोरे आणि हिंदी सैनिक यांचं प्रमाण बंगालमध्ये एकास दोन, मुंबई-मद्रासकडे एकास तीन ठेवायचं ठरलं. तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांकडे गेला. हे पाठ्यपुस्तकात असतं. नळीबद्दलचा निर्णय पुस्तकात नसतो.

हिंदी पायदळासाठी एक खास बंदूक तयार करण्यात आली. दिसायला हुबेहूब एनफिल्ड. तसाच दस्ता, तशाच कड्या, तसाच चाप, तशीच संगीन. पण नळी ०.५७७ इंचाऐवजी ०.६५६ इंच रुंद आणि आतून पूर्ण गुळगुळीत. खाचा नाहीत, पीळ नाही. मागची उभी होणारी निशाणपट्टीही काढून टाकली आणि तिथे साधी पक्की खाच बसवली, कारण शंभर-दोनशे यार्डांपलीकडे बघायची गरजच ठेवली नव्हती. संचलनात दोन्ही पलटणी शेजारी उभ्या राहिल्या तर फरक कळू नये. पण एकाची गोळी नऊशे यार्डांचा विचार करते आणि दुसऱ्याची शंभरात संपते.

आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे इंग्रजांनी उलट केलं. सुंभ तसाच ठेवला आणि पीळ काढून घेतला.

शिपाई चाकरीला हवा होता, त्याच्या हातात बंदूकही हवी होती, फक्त ती पुन्हा आपल्यावर उलटली तर आपल्याच रायफलीपुढे टिकू नये, एवढी काळजी घेतली होती. अविश्वास इतक्या नेमकेपणाने, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून अमलात आणलेला दुसरीकडे क्वचित पाहायला मिळेल.

त्याच वर्षांत विलायतेत काय चाललं होतं ते पाहा. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने षटकोनी नळीची रायफल बनवली. व्यास ०.४५१ इंच, पीळ वीसला एक. १८५७ च्या चाचण्यांत पाचशे यार्डांवर तिच्या गोळ्या मध्यापासून सरासरी साडेचार इंच इकडेतिकडे पडल्या. एनफिल्डच्या पडल्या सव्वादोन फूट. अकराशे यार्डांवर व्हिटवर्थचा आकडा अडीच फुटांच्या थोडा वर, एनफिल्डचा आठ फूट. चौदाशेवर एनफिल्डची गोळी फळ्याला लागलीच नाही. व्हिटवर्थ महाग होती, काजळी धरायची, म्हणून सैन्यात सरसकट आली नाही. पण तिने एक धडा घालून दिला: गोळी बारीक आणि लांब करा, पीळ घट्ट करा. विलायत वीसला एकची परीक्षा घेत होती तेव्हा हिंदी शिपायाचा पीळ शून्यावर आणला जात होता.

एक पिढी मागे

हा शून्य कायम राहिला नाही. गुळगुळीत नळीच्या फौजेने सरहद्दीवर लढायचं कसं, हा प्रश्न इंग्रजांनाही पडला. पण पुढची तीस-चाळीस वर्षं धोरण एकच: हिंदी पलटण एक पिढी मागे. गोऱ्यांना स्नायडर मिळाली तेव्हा आपल्याकडे तोंडाकडून भरायच्या बंदुका. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा आपल्याला स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड, तेव्हा आपल्याला मार्टिनी.

एका पिढीचा फरक म्हणजे किती? स्नायडर म्हणजे जुन्या एनफिल्डचीच नळी, मागून भरण्याची सोय केलेली. पीळ तोच, अठ्ठ्याहत्तरला एक. मार्टिनी-हेन्रीचा पीळ बावीसला एक. दोघींच्या गोळीचं वजन सारखंच, ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. पण स्नायडरची गोळी जाड आणि आखूड, मार्टिनीची बारीक आणि लांब. तेवढंच शिसं, पण बारीक गोळीला हवा कमी अडवते, तिचा मार्ग सपाट राहतो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती लागते. आणि ती लांब गोळी सांभाळायला बावीसचा पीळ लागतोच. पिळाच्या आकड्यावरून पलटणीचा दर्जा ओळखता यावा, अशी स्थिती होती.

२७ जुलै १८८० ची मैवंदची लढाई घ्या. अफगाणिस्तानात अयुबखानापुढे इंग्रजांची एक ब्रिगेड कोसळली, साडेनऊशेहून अधिक माणसं कामी आली. या ब्रिगेडमध्ये गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या. मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्सकडे आणि जेकब्स रायफल्सकडे होत्या स्नायडर. एकाच रांगेत, एकाच शत्रूपुढे, एकाच उन्हात. मैवंदचा पराभव स्नायडरमुळे झाला असं आम्ही म्हणणार नाही. तोफांची कमतरता, पाणी, नवखे भरती झालेले शिपाई अशी कारणं आहेत. पण या पलटणींनी हार खाल्ली म्हणून त्यांच्यावर पुढे जे बोल लागले, ते लावताना हातातल्या हत्यारांचा हा फरकही हिशेबात धरायला हवा होता.

सतरा वर्षांनी, १२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीत एकवीस शीख शिपाई लढले तेव्हा त्यांच्या हातात मार्टिनी-हेन्रीच होत्या. त्या वेळी गोऱ्या पलटणींकडे ली-मेटफर्ड येऊन काही वर्षं झाली होती. त्यांचा पीळ दहाला एक.

आणि लष्कराबाहेरच्या माणसाचं काय? १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना लागू झाला, युरोपियनांना सूट राहिली. राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या वर्षांतच या कायद्याविरुद्ध मागण्या झाल्या. त्या मागण्या वाचताना आपल्याला वाटतं, या वकील-संपादक मंडळींना बंदुकीचं एवढं काय पडलं होतं? त्यांना अपमान दिसत होता. शिपायाच्या नळीतून पीळ काढणारा अविश्वासच आता कायद्याच्या भाषेत त्यांच्या दारात आला होता.

हे अंतर भरून निघालं ते महायुद्धाच्या रेट्याने. १९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्सला गेल्या तेव्हा मार्सेय बंदरात त्यांच्या जुन्या रायफली काढून नव्या ली-एनफिल्ड देण्यात आल्या. कारण साधं होतं. सगळ्यांना एकच काडतूस पुरवायचं होतं. विश्वासाने जे मिळालं नाही, ते पुरवठ्याच्या सोयीने मिळालं.

आपला आकडा आपण ठरवणं

१९०३ मध्ये विलीन झालेल्या हैदराबाद कंटिंजंटच्या पायदळाचं पुढे काय झालं? त्या पलटणींची १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये तिचं नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट झालं. ज्या फौजेचं एक ठाणं हिंगोली होतं, तिच्यातूनच ही रेजिमेंट आली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग लाच्या खिंडीत मेजर शैतान सिंग यांची तुकडी लढली ती याच रेजिमेंटची. त्यांच्या हातात होती थ्री नॉट थ्री. तिचा पीळ, तिचा नेम, तिचा पल्ला यांत काही खोट नव्हती. पण समोर आपोआप भरणारी हत्यारं होती, आणि इथे प्रत्येक गोळीला हाताने खटका ओढायचा होता. पीळ पुरेसा होता, काळ पुढे गेला होता. 'एक पिढी मागे' ही सवय स्वतंत्र झाल्यावरही लगेच सुटली नव्हती.

ती सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच राज्यात झाला. पुण्यात पाषाणला संरक्षण खात्याची शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे. इन्सास रायफलीचा आराखडा तिथे तयार झाला. तिची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनतात. या रायफलीचा पीळ २०० मिलिमीटरला एक, म्हणजे पावणेआठ इंचांच्या थोडा वर. हा आकडा कुठून आला? तिची गोळी ०.२२४ इंच जाड आणि साधारण ०.९ इंच लांब. ग्रीनहिलच्या सूत्रात घाला, सव्वाआठच्या आसपास येतं. गोळीत पोलादाचा तुकडा असल्याने ती लांबीच्या मानाने हलकी, म्हणून पीळ आणखी थोडा घट्ट.

अमेरिकेनेही हा धडा चुकतमाकत घेतला होता. त्यांच्या एम-सोळाचा पीळ आधी चौदाला एक होता. कडाक्याच्या थंडीत, दाट हवेत गोळी डुलू लागली, तेव्हा तो बारा केला. पुढे लांब गोळी आली तेव्हा सात. इन्सासबद्दल सैनिकांच्या तक्रारी झाल्या, तिची जागा आता दुसरी हत्यारं घेत आहेत, हे खरंच आहे. पण आमच्या दृष्टीने एक गोष्ट उरते. १८५८ मध्ये आपल्या शिपायाच्या नळीचा पीळ विलायतेत ठरला, आणि तो शून्य ठरला. सव्वाशे वर्षांनी तो पुण्यात, गोळीची लांबी आणि हवेची घनता पाहून ठरला. मधे शिपायाच्या निष्ठेचा हिशेब नव्हता.

आज हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. जुन्या छावणीच्या गावात पुन्हा गणवेश आहे, कवायत आहे, रायफल आहे. पण तिच्या नळीत काय आहे हे शिपायापासून लपवलेलं नाही.

आणि शेवटचा आकडा कोल्हापूरकडचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात पॉइंट टू टू बोअरची रायफल असते आणि तिचा पीळ साधारण सोळाला एक असतो. तिची छोटी गोळी ग्रीनहिलच्या सूत्रात घातली तर उत्तरही सोळाच्या जवळ येतं. घरी जाऊन करून पाहा. त्याच्या नळीतला पीळ गोळीला साजेसा होता, बाकीचं त्याच्या हातात होतं. १८५७ च्या शिपायाला एवढंच हवं होतं.



व्याख्यानानंतरचे दोन प्रश्न

प्रश्न : आमच्या आजोबांकडे परवान्याची बारा बोर होती. तिलाही पीळ असतो का?

नाही. बारा बोरची नळी गुळगुळीत असते, कारण तिच्यातून छर्रे सुटतात. छर्ऱ्यांना फिरवलं तर ते चक्रासारखे पसरून मध्ये पोकळी पडेल. पिकावर येणाऱ्या जनावरासाठी पन्नास पावलांवर ती उत्तम. आपल्याकडे खासगी परवान्याची रायफल बहुधा ३१५ बोरची दिसते, तिला मात्र पीळ असतो. हा वेगळा बोअर रूढ झाला, कारण लष्करी थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला मना होती. म्हणजे इथेही नळीचं माप राज्यकर्त्यांनीच ठरवलेलं.

प्रश्न : १८५७ मध्ये शिपायांकडे एनफिल्ड असत्या तर आपण जिंकलो असतो का?

असं म्हणता येणार नाही. रायफल दिली तरी तिचा सराव लागतो, काडतुसं लागतात, टोप्या लागतात. दिल्लीत शिपायांना टोप्यांचीच चणचण भासली होती. एकच सेनापती नव्हता, पैसा नव्हता, आणि हजारो हिंदी शिपाई पलीकडच्या बाजूलाही होते, त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या छावण्यांचेही होते. आमचं म्हणणं एवढंच आहे की पराभवाची यादी करताना शिपायाच्या स्वभावापासून सुरुवात करू नये. आधी त्याच्या हातात काय दिलं होतं ते पाहावं. आणि नंतर जे मुद्दाम काढून घेतलं, तेही त्या यादीत लिहावं.